मोटारसायकलचा मागील द्रवचलित ब्रेक : हवा काढणे आणि जाम झालेले भाग मोकळे करणे

सायकलच्या ब्रेकची मूठ दाबली की तार ओढली जाते आणि रबराचे ठोकळे रिमवर जाऊन टेकतात. तार ढिली पडली किंवा तुटली, तर ते कोणालाही डोळ्यांनी दिसते. मोटारसायकलच्या द्रवचलित ब्रेकमध्ये असे काहीच दिसत नाही. पायाखालचे पेडल आणि मागील चाकावरील पोलादी चकती यांच्यामध्ये असते ती केवळ एक नळी व तिच्यात कोंडलेला अर्ध्या वाटीहूनही कमी द्रव. घाट उतरताना चालक पेडलवर निर्धास्तपणे पाय ठेवतो, तो या द्रवाच्या भरवशावर. हा भरवसा चुकतो तेव्हा बाहेरून पाहता गाडीत तिळमात्र फरक पडलेला नसतो. पेडल मात्र पोकळीत गेल्यासारखे खाली बसते. कधी याच्या उलट घडते. पाय काढून घेतला तरी चाक मोकळे होत नाही.

या दोन तक्रारी एकमेकींच्या विरुद्ध आहेत असे वाटते. पहिलीला गॅरेजमध्ये ‘ब्रेकमध्ये हवा धरली’ असे म्हणतात, दुसरीला ‘ब्रेक जाम झाला’ असे म्हणतात, आणि दोहोंवर वेगवेगळे इलाज केले जातात. पुष्कळदा दोहोंचे मूळ एकच असते. ते म्हणजे द्रवात नकळत मुरलेले पाणी. म्हणूनच जाम झालेले भाग तसेच ठेवून केवळ हवा काढली, तर तो इलाज फार दिवस टिकत नाही. प्रस्तुत लेखात या दोन्ही कामांचा विचार एकत्र केला आहे. भारतातील अनेक हलक्या मोटारसायकलींना मागील बाजूस सळईने चालणारा ड्रमचा ब्रेक असतो. त्याला हे विवेचन लागू नाही.

पायाचा जोर चाकापर्यंत कसा पोहोचतो

कोंडलेल्या द्रवावर एके ठिकाणी दिलेला दाब त्या द्रवात सर्वत्र सारखाच पसरतो, हा नियम फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्काल यांच्या नावाने ओळखला जातो. द्रवांच्या समतोलावरील त्यांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १६६३ मध्ये प्रसिद्ध झाला. या नियमाचा यंत्रात मोठ्या प्रमाणावर उपयोग करून घेणारा जलदाबयंत्राचा एकस्व हक्क इंग्लंडात जोसेफ ब्रामा यांनी १७९५ मध्ये मिळविला. मोटारीच्या ब्रेकसाठी तो वापरण्याची कल्पना अमेरिकेत माल्कम लॉकहीड यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पुढे आणली. सर्वसामान्य ग्राहकाच्या मोटारसायकलीत द्रवाने चालणारा चकतीचा ब्रेक रूढ झाला तो १९६९ मध्ये बाजारात आलेल्या होंडा कंपनीच्या ७५० घन सेंमी. क्षमतेच्या गाडीपासून; तोही प्रथम पुढच्या चाकालाच होता.

पेडलच्या मागे एक लहान नळकांडे असते. त्याला मास्टर सिलिंडर म्हणतात. पेडल दाबले की एक दांडी या सिलिंडरातील दट्ट्या पुढे ढकलते. चाकाजवळ चकतीला कवेत घेऊन बसलेला जो भाग असतो, तो कॅलिपर. त्यात एक मोठा दट्ट्या असून तो ब्रेक-पॅड चकतीवर दाबतो. समजा, मास्टर सिलिंडरचा व्यास १२ मिमी. आहे आणि कॅलिपरमधील दट्ट्याचा ३६ मिमी. आहे. व्यास तिप्पट, म्हणून क्षेत्रफळ नऊपट. पायाने १० किलोग्रॅम भाराइतका जोर दिला आणि पेडलच्या तरफेमुळे तो चौपट झाला, तर लहान दट्ट्यावर ४० किलोग्रॅम भार पडतो. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १.१३ चौ. सेंमी. असल्याने द्रवातील दाब दर चौ. सेंमी.ला सुमारे ३५ किलोग्रॅम होतो आणि मोठा दट्ट्या पॅडला ३६० किलोग्रॅम भाराने रेटतो.

अर्थात निसर्ग फुकट काही देत नाही. जोर नऊपट होतो, त्याच प्रमाणात अंतर नऊ हिश्शांनी घटते. लहान दट्ट्या १० मिमी. सरकला तर मोठा जेमतेम १.१ मिमी. सरकतो. या सबंध खेळात मास्टर सिलिंडरातून पुढे जाणारा द्रव किती? अवघा १.१३ घन सेंमी. चहाच्या चमच्यात सुमारे ५ घन सेंमी. मावतात, हे लक्षात घेतले म्हणजे ही यंत्रणा किती तुटपुंज्या भांडवलावर चालते ते कळून येईल. पॅड आणि चकती यांच्यामधील फट भरून काढण्यातच त्यांपैकी सुमारे ०.२ घन सेंमी. खर्च होतो. उरलेल्या ०.९३ घन सेंमी.च्या बळावर दाब चढवावयाचा असतो.

एवढीशी हवा काय करते

द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते. रॉबर्ट बॉइल यांनी १६६२ मध्ये मांडलेल्या नियमानुसार तापमान तेच असता हवेचे आकारमान निम्मे करावयाचे तर दाब दुप्पट करावा लागतो. आता वरील ब्रेकमध्ये १ घन सेंमी. हवा अडकली आहे असे मानू. पेडल अगदी तळापर्यंत दाबले, तरी फट भरल्यावर उरलेला ०.९३ घन सेंमी. द्रव त्या हवेला ०.०७ घन सेंमी.पर्यंत आकसवितो, आणि त्या वेळी दाब वातावरणाच्या सुमारे चौदापट होतो. वातावरणाचा स्वतःचा दाब वजा केला, तर ब्रेकच्या वाट्याला दर चौ. सेंमी.ला सुमारे १३ किलोग्रॅम येतात. पाहिजे होते ३५. हवा १ ऐवजी दीड घन सेंमी. असेल, तर पेडल तळाला टेकूनही दाब दोन किलोग्रॅमच्या वर जात नाही, म्हणजे ब्रेक नाहीच म्हणावयाचा. चहाच्या चमच्याच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी हवेने हा प्रताप घडतो.

चालकाच्या पायाला हे स्प्रिंगवर पाय दिल्यासारखे जाणवते. मात्र असे मऊ लागणारे प्रत्येक पेडल हवेमुळेच मऊ झालेले असते असे नाही, आणि येथेच बहुतेकांची फसगत होते. पेडल तीन-चार वेळा भराभर दाबून पाहावे. प्रत्येक दाबासरशी ते वर चढत गेले आणि थोडा वेळ थांबल्यावर पुन्हा खाली गेले, तर हवेचा संशय घ्यावा. कितीही वेळा दाबले तरी ते तितकेच मऊ राहिले, तर कॅलिपर वाकडा होऊन ओढला जात असावा किंवा जुनी रबरी नळी फुगत असावी. पाय स्थिर ठेवला असता पेडल सावकाश खाली खचत गेले आणि बाहेर कोठेही गळती दिसली नाही, तर मास्टर सिलिंडरातील रबरी सील झिजलेले असते. तेथे हवा काढीत बसून उपयोग नाही.

‘ब्रेक ऑइल’ या नावाचा घोटाळा

ब्रेकमधील द्रवाला बाजारात ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात. हे नाव काढून टाकता आले तर अनेक सिलिंडर वाचतील. तो द्रव तेल नव्हे. सर्वसाधारण वापरातील ब्रेकद्रव ग्लायकॉल वर्गातील रासायनिक संयुगांपासून बनवितात. ब्रेकमधील सीलांचे रबर या द्रवात निर्धोक राहते; परंतु पेट्रोल, रॉकेल, डिझेल किंवा इंजिनाचे तेल यांचा स्पर्श झाला की ते फुगते आणि मऊ पडते. फुगलेले सील सिलिंडरात अडकून बसते. गॅरेजमधील ट्रेमध्ये पेट्रोल अथवा डिझेल ओतून त्यात सगळे सुटे भाग धुण्याची आपल्याकडे जी सवय आहे, ती गिअर व साखळी यांच्यासाठी ठीक असली, तरी ब्रेकच्या भागांना घातक आहे. ब्रेकचे आतील भाग ताज्या ब्रेकद्रवाने, स्पिरिटने किंवा त्यासाठीच मिळणाऱ्या फवाऱ्याने धुवावेत.

ग्लायकॉल वर्गाच्या या द्रवाचा दुसरा गुण, किंवा अवगुण, असा की तो हवेतील बाष्प शोषून घेतो. रबरी नळीतून, टाकीच्या झाकणातून, सीलांच्या कडांमधून पाणी कणाकणाने आत येत राहते. डब्यांवर ‘डॉट ३’, ‘डॉट ४’ असे जे अंक छापलेले असतात, ते अमेरिकेच्या परिवहन खात्याने ठरविलेल्या मानकांचे होत. त्या मानकांनुसार ताज्या डॉट ३ द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५° से. आणि डॉट ४ चा २३०° से. असावा लागतो. तोच द्रव सुमारे ३.७ टक्के पाणी शोषून बसला की या किमान मर्यादा अनुक्रमे १४०° आणि १५५° पर्यंत खाली येतात. लांब उतारावर मागील ब्रेकवर पाय ठेवून उतरणाऱ्या गाडीचा कॅलिपर भलताच तापतो. पेडल दाबलेले असेतोपर्यंत दाबामुळे द्रव उकळत नाही; पाय उचलला की दाब नाहीसा होतो, वाफ धरते, आणि पुढच्या वळणावर पेडल थेट खाली जाते. गाडी थंड झाली की वाफेचे पुन्हा पाणी होते आणि ब्रेक पूर्ववत लागतो. गाडी दाखवायला नेली तर दोष सापडत नाही, चालकाच्या बोलण्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही.

तेच पाणी दुसरीकडे गंज चढवीत असते. मागील कॅलिपरवर साखळीचे वंगण, रस्त्याचा चिखल आणि पावसाळ्यात चाकाने उडविलेले पाणी यांचा बाहेरून अखंड मारा होतो. कोकण, गोवा, चेन्नई अशा समुद्रालगतच्या भागांत त्यात खाऱ्या हवेची भर पडते. आतून आणि बाहेरून असा दुहेरी वेढा पडतो. म्हणूनच बहुतेक उत्पादक ब्रेकद्रव साधारणतः दोन वर्षांनी बदलावयास सांगतात. द्रव काळपट दिसू लागण्याची वाट पाहू नये. सिलिकोनयुक्त ‘डॉट ५’ द्रव मात्र वेगळ्या जातीचा आहे. तो इतरांत कधीही मिसळू नये.

ब्रेक सुटत का नाही

जाम झालेल्या ब्रेकचे निदान करताना प्रथम गाडी मधल्या स्टँडवर घेऊन मागील चाक हाताने फिरवून पाहावे. पेडल दाबून सोडल्यावर ते फिरत नसेल, तर सर्वांत स्वस्त कारण आधी तपासावे. पेडल ज्या खिळीवर फिरते ती खिळी धूळ आणि गंज यांमुळे घट्ट होऊन पेडलच वर येत नसेल. पेडल काढून, खिळी पुसून तिला ग्रीस दिल्याने सुटलेला ब्रेक काही थोडा नाही.

पेडल व्यवस्थित वर येत असूनही चाक अडत असेल, तर कॅलिपरवरील हवा काढण्याचे निपल किंचित सैल करावे. द्रवाची पिचकारी उडाली आणि चाक मोकळे झाले, तर कॅलिपर निर्दोष आहे. दाब वरच्या बाजूला अडकून पडला होता. निपल उघडूनही चाक तसेच राहिले, तर दट्ट्या किंवा कॅलिपरच्या सरकत्या खिळ्या जाम झाल्या आहेत. या एका परीक्षेने निम्मे श्रम वाचतात. ती न करता कॅलिपर खोलणारा कारागीर पुष्कळदा चांगला भाग खोलून पुन्हा बसवितो आणि दोष जागच्या जागी राहतो.

दाब वर का अडकतो, हे समजून घेण्यासारखे आहे. मास्टर सिलिंडरात दट्ट्याच्या सीलाच्या किंचित पुढे सुईच्या अग्राएवढे एक छिद्र असते. दट्ट्या पूर्ण मागे आला की हे छिद्र उघडे पडते आणि सबंध यंत्रणेचा टाकीशी संबंध जोडला जातो. तापल्याने वाढलेला द्रव या वाटेने टाकीत परततो. छिद्रात गाळ बसला, किंवा पेडल उंच करण्यासाठी कोणी दांडी इतकी लांब केली की दट्ट्या पूर्ण मागे येऊच शकत नाही, तर ही वाट बंद होते. मग थोड्याशा घर्षणाने द्रव तापतो, तापून प्रसरण पावतो, प्रसरणाने ब्रेक अधिक लागतो, आणि अधिक घर्षणाने द्रव आणखी तापतो. ब्रेक आपला आपणच आवळत जातो. निघताना हलकी पळणारी गाडी काही किलोमीटरांनी जड वाटू लागते, चकतीला जळका वास येतो, आणि वेळीच न थांबल्यास मागील चाक धावत्या गाडीतच अडकते. सावलीत अर्धा तास उभी केली की ती पुन्हा मोकळी! हे लक्षण दिसले की दांडी आणि दट्ट्या यांच्यामध्ये मिलिमीटरभर तरी सुटी जागा आहे की नाही हे प्रथम पाहावे. तेथे दोष नसेल, तर मास्टर सिलिंडरवरील नळीचा पोकळ बोल्ट सैल करून पाहावा. चाक सुटले तर छिद्र तुंबलेले आहे, न सुटले तर नळी आतून सुजलेली आहे. सुजलेली नळी जोराने ढकललेला द्रव जाऊ देते, परंतु परतू देत नाही. ती बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

जाम झालेला कॅलिपर

मागील ब्रेकचा कॅलिपर बहुधा सरकता असतो. दट्ट्या एकाच बाजूला असतो. तो आपल्या बाजूचा पॅड चकतीवर टेकवितो आणि प्रतिक्रियेने सबंध कॅलिपर दोन खिळ्यांवर मागे सरकून पलीकडचा पॅड ओढून आणतो. या खिळ्या सुकल्या किंवा गंजल्या की कॅलिपर सरकण्याऐवजी वाकतो. पेडल मऊ लागते, हवा काढली तरी मऊच राहते, आणि पॅड काढून पाहिले तर एक झिजून पातळ, दुसरा जवळपास नवा, किंवा पाचरीसारखा तिरपा झिजलेला आढळतो. खिळ्या बाहेर काढून स्वच्छ कराव्यात, रबरी बोचके फाटलेले असल्यास बदलावे आणि सिलिकोनचे ग्रीस लावावे. साधे ग्रीस येथेही नको. ते रबर फुगविते.

दट्ट्या जाम होण्याचे कारण दट्ट्यात नसून पुष्कळदा सीलाच्या खोबणीत असते. कॅलिपरमध्ये दट्ट्याला मागे ओढणारी स्प्रिंग नसते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. ते काम चौकोनी छेदाचे रबरी सीलच करते. दट्ट्या पुढे जाताना सील किंचित मुरगळते आणि दाब सुटताच मूळ आकारात येताना दट्ट्याला अंशमात्र मागे घेते. ॲल्युमिनियमच्या कॅलिपरमध्ये पाणी शिरले की खोबणीत पांढरी भुकटी साचते. ती भुकटी सीलाला मागून रेटते आणि सील दट्ट्याला मिठी मारून बसते. अशा वेळी दट्ट्या घासून पुसून चकचकीत केला आणि खोबणी तशीच ठेवली, तर महिन्याभरात तक्रार परत येते.

अडकलेला दट्ट्या बाहेर काढण्यास सर्वांत चांगले हत्यार म्हणजे ब्रेक स्वतःच. म्हणून नळी सोडविण्याची घाई करू नये. कॅलिपर चकतीवरून उतरवावा, पॅड काढावेत, दट्ट्यासमोर लाकडाचा तुकडा ठेवावा आणि पेडल सावकाश दाबीत जावे. वर पाहिल्याप्रमाणे शेकडो किलोग्रॅमचा जोर येथे आयताच मिळतो. दोन दट्ट्यांचा कॅलिपर असेल तर सैल असलेला दट्ट्या आधी पळतो. त्याला शिकंजाने धरून ठेवावे म्हणजे दुसरा हलतो. नळी आधीच सोडली असेल, तर ग्रीसगनने ग्रीस भरून तोच परिणाम साधता येतो, मात्र नंतर ग्रीसचा कणही आत राहू देता कामा नये.

टायरच्या दुकानातील हवेचा उपयोग मात्र शक्यतो टाळावा. दर चौ. सेंमी.ला ७ किलोग्रॅम दाबाची हवा ३६ मिमी. व्यासाच्या दट्ट्यावर ७० किलोग्रॅमचा भार देते, आणि हवा दाबली जाणारी असल्यामुळे सुटलेला दट्ट्या गोळीसारखा बाहेर उडतो. अशा वेळी समोर बोटे असतील तर ती चिरडली जातात. पक्कडीने दट्ट्याची कड धरून पिळण्याची पद्धतही तितकीच वाईट. जबड्याचे ओरखडे ज्या पृष्ठावर उठतात तेथूनच पुढे सील घासत जावयाचे असते.

दट्ट्या निघाल्यावर दोन्ही सील काढून टाकावीत. ती पुन्हा वापरू नयेत. खोबणीतील भुकटी लाकडी काडीने अथवा पितळेच्या आकड्याने खरवडून काढावी. पोलादी हत्याराने खोबणीची कड जाते. दट्ट्यावर सील घासते त्या पट्ट्यात नख अडकण्याइतका खड्डा असेल तर दट्ट्या बदलावा. त्यावर पॉलिशकागद चालवू नये, कारण त्याचा पातळ मुलामा एकदा गेला की गंजाला दार उघडे झाले. नवी सील ताज्या ब्रेकद्रवात भिजवून बसवावीत आणि दट्ट्या बोटांनी सरळ दाबावा. सर्व ठीक असेल तर तो हातानेच आत जातो. तेल अथवा द्रव प्यालेले पॅड धुऊन, जाळून पुन्हा वापरण्याचा मोह होतो; तो आवरावा.

न सुटणारे निपल

हवा काढण्याचे काम पुष्कळदा पहिल्याच पायरीवर अडते, ते निपल गंजून बसल्यामुळे. हे निपल पोकळ असते, त्यामुळे ते सहज पिळवटून तुटते, आणि तुटले की कॅलिपरच बदलण्याची वेळ येते. उघड्या तोंडाचा पाना येथे लावू नये. त्याने षट्कोनाचे कोपरे गोल होतात. सहा बाजूंचा बॉक्स पाना लावावा. आदल्या रात्री आट्यांच्या मुळाशी गंज सोडविणारे तेल घालून ठेवावे. निपलच्या पोकळीत घट्ट बसेल एवढ्या जाडीची ड्रिलची मागची दांडी घालून वरून हातोडीचे हलके ठोके द्यावेत. दांडीमुळे निपल आतल्या बाजूस चेपत नाही, आणि धक्क्याने आट्यांमधील गंज भुगा होतो. मग प्रथम पाना घट्ट करण्याच्या दिशेस केसभर फिरवावा, नंतर सैल करण्याच्या दिशेस. एकदा हलले की जोराने फिरवीत सुटू नये; पुढे-मागे, पुढे-मागे करीत ते मोकळे करावे.

हवा काढणे

वरील सर्व भाग मोकळे झाल्यावरच हवा काढण्यास हात घालावा. टाकीचे झाकण उघडण्यापूर्वी भोवतालची धूळ पुसावी आणि गाडीच्या रंगावर ओले फडके घालावे. हा द्रव रंग खातो. सांडल्यास लगेच भरपूर पाण्याने धुवावे. डबा नवा, त्याच दिवशी उघडलेला असावा. महिनोन्‌महिने अर्धवट उघडा पडलेला डबा म्हणजे पाणी शोषलेला द्रव, आणि तो घालून काम केले तर काम केल्यासारखे होत नाही.

निपलवर आधी पाना चढवून मग पारदर्शक नळी घट्ट बसवावी. तिचे दुसरे टोक थोडा द्रव घातलेल्या बाटलीत बुडवावे. एकाने पेडल सावकाश दाबून धरावे. दुसऱ्याने निपल पाव फेरा उघडावे, पेडल खाली गेले की बंद करावे, आणि त्यानंतरच पेडल सोडण्यास सांगावे. हा क्रम चुकला, म्हणजे निपल उघडे असताना पेडल सोडले, तर काढलेली हवा परत आत जाते. प्रत्येक तीन-चार दाबांनंतर टाकी पाहावी. मागील ब्रेकची टाकी लहान असते आणि ती एकदा रिकामी झाली की सगळे काम पहिल्यापासून करावे लागते.

जुन्या गाडीचे पेडल या वेळी अगदी तळापर्यंत दाबू नये. मास्टर सिलिंडरच्या ज्या टोकाला दट्ट्या वर्षानुवर्षे गेलेलाच नसतो, तेथे गंज साचलेला असतो. सील त्यावरून गेले की फाटते. हवा काढावयास घेतलेला ब्रेक हवा काढताच बाद झाला, अशा ज्या हकिकती ऐकू येतात, त्यांचे कारण बहुधा हेच असते. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवल्याने हे टळते.

नळीत बुडबुडे येतच राहिले तर ते सगळे आतूनच येत आहेत असे समजू नये. सैल निपलच्या आट्यांभोवतून बाहेरची हवा शोषली जाऊन नळीत दिसते. आट्यांना थोडे सिलिकोन ग्रीस लावले, की खरे बुडबुडे कोणते ते कळते.

मागील ब्रेकमध्ये एक खास अडचण असते. बुडबुडा नेहमी वर चढतो, म्हणून निपल हे कॅलिपरमधील सर्वांत उंच ठिकाण असावयास हवे. कॅलिपर जागेवर बसविलेला असताना काही गाड्यांत ते तसे नसते, आणि निपलच्या वर हवेचा कप्पा राहून जातो. बाटलीभर द्रव गेला तरी तो हलत नाही. अशा वेळी कॅलिपर उतरवून, पॅडांच्या मध्ये चकतीएवढ्या जाडीची लाकडी फळी घालून, निपल वरच्या बाजूस येईल असा धरावा आणि लाकडी मुठीने त्यावर टिचक्या माराव्यात. तरीही पेडल मऊ राहिले तर उलटा मार्ग घ्यावा. टाकी थोडी रिकामी करून मोठ्या सिरिंजने खालून, निपलमधून, द्रव सावकाश वर चढवावा. हवेला ज्या दिशेस जावयाचेच आहे त्या दिशेस तिला ढकलले जाते, म्हणून ही रीत पुष्कळदा झटकन यशस्वी होते. फक्त टाकी उतू जाणार नाही, याकडे लक्ष हवे.

चाक घसरू न देणारी ए.बी.एस. यंत्रणा भारतात १२५ घन सेंमी.हून मोठ्या मोटारसायकलींच्या नव्या नमुन्यांना १ एप्रिल २०१८ पासून आणि अशा सर्व नव्या गाड्यांना १ एप्रिल २०१९ पासून बंधनकारक झाली. तिच्या झडपांच्या आत अडकलेली हवा काही गाड्यांत वरील रीतीने निघत नाही. झडपा विजेच्या उपकरणाने उघडमीट करवून घ्याव्या लागतात. अशी गाडी असेल तर टाकी कोरडी पडू न देणे अधिकच महत्त्वाचे.

काम संपल्यावर

टाकीत द्रव खालच्या व वरच्या रेषांच्या मध्ये असावा, काठोकाठ नको. निपल कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापानेच आवळावे. ते माप लहान असते, पूर्ण हाताचा जोर त्याला नको. मग गाडी जागची हलविण्यापूर्वी पेडल कडक लागेपर्यंत दाबावे. दट्ट्या आत ढकलून पॅड बसविल्यानंतरचे पहिले एक-दोन दाब नेहमी पोकळ जातात. ते घरासमोर जावेत, चौकात नव्हे. पेडल मिनिटभर दाबून धरून प्रत्येक सांध्यावर कोरडे बोट फिरवावे. मागील चाक पुन्हा हाताने फिरवून पाहावे. त्यानंतर मोकळ्या जागी चालण्याच्या वेगाने ब्रेक दोन-चारदा लावून पाहावा, चार-पाच किलोमीटर जाऊन चकतीजवळ हात नेऊन, तिला स्पर्श न करता, ती किती तापली आहे याचा अंदाज घ्यावा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडीवर पेडल पुन्हा तपासावे. निपलवरील छोटी रबरी टोपी बहुधा काम करताना हरवते; ती शोधून, न सापडल्यास नवी आणून, बसवावी, कारण ती नसल्यानेच पावसाचे पाणी निपलच्या पोकळीत शिरून पुढच्या खेपेस ते सुटेनासे होते.